किनारा, ताट आणि वाट : निगडीतून कोकणाकडे बघताना

आजचा विषय फलकावर लागला तेव्हा एक-दोघांनी विचारलंच, की कोकणावर आता आणखी काय बोलणार? समुद्र, नारळ, मासे, झालं! प्रश्न बरोबर आहे. म्हणून आपण कोकणातून सुरुवात न करता दुसऱ्याच एका किनाऱ्यापासून करू.

निगडीच्या कुठल्याही चौकात मिळणारा बटाटावडा घ्या. बटाटा ही भाजी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातली, पण तिचं आपल्याकडचं नाव काही डोंगरातलं नाही. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर तायनो नावाचे लोक राहत. त्यांच्या भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळं. तो शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला, पोर्तुगीजांकडे येईतो बटाट्याला चिकटला, आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला. उत्तरेत ‘आलू’ म्हणतात, आपण ‘बटाटा’ म्हणतो, कारण आपल्याकडे हे नाव समुद्राच्या वाटेनं आलं. आणि गंमत बघा, आपलं निगडी आणि त्या तायनो लोकांच्या बेटावरचं सान्तो दोमिंगो शहर, दोन्ही साडेअठरा अंश अक्षांशाच्या आसपास आहेत. नकाशावर बोट आडवं सरकवत गेलात तर जवळपास एकाच रेषेवर सापडतील.

म्हणजे ऊन सारखं, ओल सारखी, लाल माती बऱ्याच ठिकाणी सारखी. त्यामुळे तिकडची झाडं इकडे आली ती पाहुण्यासारखी राहिलीच नाहीत. काजू ब्राझीलचा. त्याचं नावही तिथल्या तुपी भाषेतलं, ‘अकाजू’. अननसही त्याच भाषेतला. पपई हे नाव कॅरिबियन बाजूचं. चिकू तर युकातान आणि मध्य अमेरिकेच्या किनारी जंगलातला. त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम करत. आज डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे आणि वेंगुर्ल्याच्या काजूलाही आहे. मिरची तिकडचीच. आता मालवणी मसाल्यातून मिरची काढा, काय उरतं सांगा?

उलट दिशेनंही बरंच गेलं. कॅरिबियन किनाऱ्याच्या कुठल्याही जाहिरातीत वाकलेला माड असतो. तो माड मुळात तिकडचा नाही. नारळाच्या जनुकांचा अभ्यास झाला आहे. त्यात दिसलं, की अटलांटिकच्या बाजूचे नारळ हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरच्या नारळांचे वंशज आहेत. पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेला वळसा घालून नेले. आंबाही इकडूनच तिकडे गेला. १७८२ साली इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यावरची आंब्याची रोपं जमैकात उतरली. पुढे १८४५ पासून हिंदुस्थानातून मजूर त्रिनिदादला गेले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. तिथे आज रस्त्यावर ‘दाल पुरी’ विकली जाते. पुरणपोळीतला गूळ काढून जिरं-मीठ घातलं तर काय होईल, तसा काहीसा तो प्रकार.

आणि एक शब्द राहिला. कोकणातल्या जुन्या घरांत ‘हरिकेन’ नावाचा कंदील असायचा, काचेचा, वाऱ्यात न विझणारा. हरिकेन म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, आणि शब्द पुन्हा तायनोच. त्या वादळाकडे आपल्याला नंतर यायचंच आहे.

पण या दोन किनाऱ्यांत एक मोठा फरक आहे, आणि आजचं बोलणं त्याच्यावरच उभं आहे. कॅरिबियन समुद्रात वादळांचे महिने असतात, पण दोन वादळांच्या मध्ये समुद्र चालू असतो. आपला किनारा पावसाळ्यात सरळ बंद होतो. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर झापांचं छप्पर. म्हणून कोकणातल्या स्वयंपाकघराचे दोन भाग असतात, उघड्या समुद्राचा आणि बंद समुद्राचा. पावसाळ्याआधी जी बेगमी करतात तिला कोकणात ‘आगोट’ म्हणतात. सुके बोंबील, सुकट, खारवलेला बांगडा, आमसुलं, आगळ, कुळीथ, फणसाच्या आठळ्या, आंबापोळी, सांडगे-पापड. पर्यटक हे घरी नेण्याचा ‘खाऊ’ म्हणून विकत घेतात. मुळात तो खाऊ नव्हता, चार महिने वाट बंद राहणार म्हणून केलेला साठा होता.

म्हणजे ताट कसं असेल हे वाटेवर ठरतं. आमचं म्हणणं एवढंच आहे, की कोकणातलं कुठलंही गाव समजून घ्यायचं तर आधी विचारायचं : इथे येण्याची वाट कुठून होती, आणि आता कुठून आहे?

जुनी वाट अर्थातच पाण्यावरून. कोकणची जुनी मोठी गावं बघा : चौल, दाभोळ, राजापूर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लं. बरीचशी खाडीच्या तोंडाशी किंवा खाडीत आत, आडोशाला. समुद्रातून माल यायचा, खाडीतून वर जायचा, घाटाखाली उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून देशावर यायचा. आपण राहतो तो भाग या वाटेच्या दुसऱ्या टोकाला होता. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इसवी सन १४७० च्या आसपास चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. तीन आठवड्यांहून जास्त लागले त्याला. पावसाळा त्यानं जुन्नरलाच काढला, कारण चिखलात पुढे जाता येईना. म्हणजे आपल्या चाकणच्या थोडं वर एक रशियन माणूस पाऊस थांबायची वाट बघत बसला होता, वास्को द गामा येण्याच्या पंचवीस-एक वर्षं आधी! परतताना तो दाभोळहून जहाजात बसला. त्याच्या लिखाणात दाभोळ हे मोठं बंदर आहे, घोडे उतरतात, देशोदेशीचे लोक दिसतात. आज दाभोळला गेलात तर एक देखणी जुनी मशीद, मासळीची जेटी आणि पलीकडे जाणारी फेरीबोट एवढं दिसतं.

चौलचंही तसंच. ग्रीक खलाशांच्या पहिल्या शतकातल्या टिपणांत ज्याला ‘सेमुल्ला’ म्हटलंय ते हेच, असं अभ्यासक मानतात. आता तिथे नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून एक गाडी जाईल एवढा रस्ता. पण वाट गेली तरी वाटेनं आलेली माणसं गेली नाहीत. चौलच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथल्या किल्ल्याखालच्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक भाषा घरात बोलतात. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. बोलणारे साधारण हजारभर. अशा भाषांना क्रिओल म्हणतात, आणि जगात क्रिओल म्हटलं की लोकांना कॅरिबियन बेटंच आठवतात. आपल्याकडे लोणावळा-खोपोली उतरून, पेण-अलिबागवरून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला त्या गावात पोचता येतं. कितीजण लाइटहाउस बघून, फोटो काढून परत येतात! भाषा काही फोटोत येत नाही, ते खरंच.

तिथून थोडं उत्तरेला, अलिबागजवळच्या नवगावला, बेने इस्राएल समाजाची आठवण आहे. फार पूर्वी जहाज फुटून आपले पूर्वज तिथे लागले, असं ते मानतात. रायगडच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. आता यात जेवणाचा मुद्दा बघा. ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. कोकणात त्याला उत्तर तयारच होतं : नारळाचं दूध. मांसाचा रस्सा नारळाच्या दुधातला, आणि मंगल प्रसंगी मलिदा. पोहे, खोबरं, साखर, वर फळं. धर्म पार पश्चिमेकडून आलेला, ताट मात्र शंभर टक्के अष्टागरातलं. समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, पण अलिबागला सिनेगॉग आहे आणि त्या आळीला अजून इस्राएल आळीच म्हणतात.

मुरुड-जंजिऱ्याचा उल्लेख इथे करायलाच हवा. कॅरिबियन किनाऱ्यावर आफ्रिकेतली माणसं साखळदंडात आणली गेली, उसाच्या मळ्यांवर राबली. आपल्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून आलेले सिद्दी समुद्रातल्या किल्ल्याचे मालक झाले आणि त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. गुलामी इकडेही होती, पण समुद्रावरच्या चाकरीत वर चढायची एक शिडी इकडे होती, ती तिकडच्या मळ्यात नव्हती.

आता आगबोटीकडे येऊ. सभागृहात सत्तरी ओलांडलेले जे आहेत त्यांना ही वाट प्रत्यक्ष माहीत असेल. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची : हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं, शेवटी पणजी. बऱ्याच बंदरांत बोट काठाला लागायची नाही. बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी, आणि उतारू पडावातून काठावर. बायका, पोरं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं त्या हलत्या पडावात. पाऊस लागला की लांबचा प्रवास बंद. जवळचा तेवढा चालू असायचा, आणि तोही धोक्याचा. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. दिवस अमावास्येचा, गावी निघालेले चाकरमानी. कोकणातल्या कितीतरी घरांत अजून त्या दिवसाची गोष्ट सांगतात.

या बोटीनं दोन गोष्टी केल्या. एक, मुंबईच्या गिरण्यांना माणसं दिली आणि गावाला मनीऑर्डर दिली. दुसरी, सगळ्या बंदरगावांना एका माळेत ओवलं. मालवणचं माणूस देवगडला, देवगडचं रत्नागिरीला पाण्यावरून सहज जायचं, कारण जमिनीवरून मधे खाड्या आडव्या. त्या काळात मालवण हे किनाऱ्याचं नाकं होतं आणि कणकवली हे आतलं गाव. आता कोण आत आहे आणि कोण बाहेर, तुम्हीच सांगा.

हा उलटफेर कसा होतो याचं सगळ्यात जुनं आणि स्वच्छ उदाहरण वेंगुर्ल्याचं आहे. त्यावर आम्ही जरा थांबणार आहोत. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली, तिचे अवशेष आजही उभे आहेत. इंग्रजांच्या काळात बेळगावला मोठी छावणी झाली. छावणीला माणसं आणि सामान पोचवायला सगळ्यात जवळचं सोयीचं बंदर वेंगुर्लं. आंबोली घाटातून गाडीरस्ता झाला आणि वेंगुर्लं भरभराटीला आलं. बंदर, दीपगृह, बंगले, बाजारपेठ. घाटावरून कापूस-धान्य खाली, समुद्रातून मीठ, नारळ, कापडचोपड वर. मग १८८० च्या दशकात गोव्यातल्या मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली. घाटावरचा माल डब्यात बसला आणि सरळ मुरगावला उतरायला लागला. वेंगुर्ल्यात काही बिघडलं नव्हतं. बंदर तेच, माणसं तीच, समुद्र तोच. वाट बाजूनं गेली एवढंच. मोठा बाजार आटला आणि गाव आपल्या बागांकडे वळलं. आजचं वेंगुर्लं आपल्याला माहीत आहे ते काजूमुळे आणि तिथल्या फळसंशोधन केंद्रामुळे. ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ ही काजूच्या वाणांची नावं आहेत, कोकणभर लागवडीत आहेत. बंदराचं नाव जाऊन झाडाचं नाव झालं! आणि ते झाडही मूळचं ब्राझीलचं.

तोच खेळ विसाव्या शतकात अख्ख्या किनाऱ्यावर झाला. मुंबई-गोवा रस्ता आला तो किनाऱ्यापासून आत. महाड, खेड, चिपळूण, कणकवली, कुडाळ ही नाक्यांची गावं फुगली. १९८० च्या दशकाच्या शेवटाला आगबोट बंद पडली. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, शेकडो पूल, नव्वदच्या वर बोगदे, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. अभियांत्रिकी म्हणून ते थोरच काम. पण रेल्वे समुद्राच्या काठानं नेता येत नव्हती. तिथे खाड्यांची तोंडं रुंद आणि तळ चिखलाचा. म्हणून रूळ आतून गेले. परिणाम असा, की मालवणला जायचं तर कुडाळला किंवा कणकवलीला उतरा, दापोलीला जायचं तर खेडला, गुहागरला जायचं तर चिपळूणला. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या गावांच्या पाठीमागून गाडी जायला लागली.

यात एक चांगलंही झालं, ते नाकारू नये. वाट आडवळणाची राहिली म्हणून वाड्या राहिल्या, कौलारू घरं राहिली, आणि ताटही राहिलं. मालवणातले शिरवाळे घ्या. तांदळाच्या शेवया, ताज्या दाबून काढलेल्या, सोबत गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. किंवा बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळ. तिरफळ आणि कोकम या दोन गोष्टी सह्याद्रीच्या पायथ्याच्या, खास या पट्ट्यातल्या. मिरची, काजू, बटाटा बाहेरून आले तरी त्यांना कोकणी केलं ते या दोघांनी. देशावरचा माणूस आंबटाला चिंच घालतो. घाट उतरला की चिंचेच्या जोडीला आमसूल येतं, आणि मालवणकडे गेलात की आगळाची सोलकढी. रायगडात हिवाळ्यात पोपटी लागते : वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात, मडकं उलटं करून वर जाळ. पाणी नाही, तेल नाही. आणि नीरफणसाची कापं! तो फणस पॅसिफिकमधला. इंग्रजांनी तोच १७९३ मध्ये जहाजानं नेऊन वेस्ट इंडिजच्या बेटांवर लावला. तिथेही त्याची तळलेली कापंच करतात, फक्त त्यांना तांदळाचं पीठ आणि मालवणी मसाला मिळालेला नाही.

पण आता वाट पुन्हा बदलते आहे, आणि या वेळी त्यात आपला, म्हणजे निगडी-चिंचवडकरांचा, हात आहे.

पुण्याच्या या बाजूला १९५० आणि ६० च्या दशकांत कारखाने आले, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण झालं, आणि ठिकठिकाणची माणसं इथे येऊन राहिली. त्यात कोकणातली खूप. चाकरमानी म्हटलं की पूर्वी परळ-लालबाग डोळ्यांसमोर यायचं. आता गणपतीच्या आधी वल्लभनगरच्या एस.टी. आगारात जाऊन बघा. हे गावी जाणारे. त्यांच्या शिवाय शनिवार-रविवारचे जाणारे, ते तर कितीतरी जास्त. मुळशी-ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून म्हसळा-श्रीवर्धन-दिवेआगर. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी संध्याकाळी घाटात रांग लावायची. वाट झाली सोपी, आणि ताटावर त्याचा परिणाम दिसायला लागला.

काय परिणाम? हरिहरेश्वरपासून तारकर्लीपर्यंत पाट्या वाचत जा. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी. शेवटी ‘व्हेज थाळी’, त्यात पनीर. कोकणात पनीर! आम्ही खानावळी चालवणाऱ्या बायकांना विचारलं, की पेडवे का नाही ठेवत, सौंदाळे का नाही, मुडदुशी का नाही? उत्तर बहुतेक ठिकाणी एकच : “पुण्याची माणसं सुरमईच मागतात हो. दुसरं ठेवलं तर उरतं.” सुरमई त्या दिवशी त्या गावात लागलेली नसली तर बर्फातून बाहेरची येते. गावच्या होडीत लागलेला बांगडा गावातल्या घरात, आणि बाहेरची सुरमई पाहुण्याच्या ताटात. खरं म्हणजे बांगडा, तारली, पेडवे हे थव्यानं येणारे, लवकर वाढणारे मासे. सुरमईला मोठं व्हायला वेळ लागतो, आणि मागणी वाढली की लहान पिल्लंही बाजारात येतात. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला. नियम चांगलाच आहे. पण ताटात तळून आलेल्या तुकडीची मूळ लांबी कोण मोजणार? अख्खा मासा येतो तेव्हा आपल्याला दिसतं, तळहाताएवढं पापलेट आलं की ते पिल्लूच आहे. ते नको म्हणणं आपल्या हातात असतं.

मालवण-देवगडकडे याच्या मागे एक मोठा वाद आहे. रापण ही तिथली जुनी मासेमारी : होडीतून अर्धगोलात जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि सगळ्यांनी मिळून ओढायचं. लागलेल्या मासळीचे वाटे पडतात. काठाजवळ मासा आला तरच रापण चालते. पर्ससीन जाळं यंत्रबोटीवरून अख्ख्या थव्याभोवती टाकतात आणि बटव्यासारखं खालून आवळतात; थवा काठाला येण्याआधीच संपतो. यावरून समुद्रात मारामाऱ्या झाल्या आहेत. २०१६ मध्ये सरकारनं पर्ससीनवर कडक बंधनं घातली, अंमलबजावणीची तक्रार मात्र आजही ऐकू येते. आम्हाला यात पर्ससीनवाल्याला राक्षस ठरवायचं नाही, त्याच्याही डोक्यावर बोटीचं कर्ज असतं. पण किनाऱ्यावर ओढायला माणसं जमतात, वाटा घरी नेतात आणि त्याचंच दुपारचं कालवण होतं, ही साखळी एकदा तुटली की खानावळीतली थाळी कितीही ‘अस्सल मालवणी’ म्हटली तरी तिचं गावाशी नातं राहत नाही.

दुसरा धक्का वाटेनं नाही, वाऱ्यानं दिला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, खाली मंडणगड-दापोली. त्या वेळी सगळे कोविडमुळे घरात. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आंबा पडला तर लोकांना कळतो, सुपारी पडली तर शहरात कुणाला कळत नाही. पोफळीचं रोप लावल्यावर नीट उत्पन्न यायला पाच-सात वर्षं जातात. ती पुन्हा सावलीत वाढते, सावली माडांची, आणि माडही पडलेले. म्हणजे आधी माड, मग पोफळ, मग तिच्यावर मिरीचा वेल. एका पिढीनं लावायचं आणि दुसरीनं खायचं असं ते गणित. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं. काही वाडीवाल्यांनी पुन्हा लावलं. काहींनी पडलेल्या वाडीच्या जागी खोल्या बांधल्या, कारण खोलीला पहिल्या शनिवारपासून उत्पन्न येतं. त्यांना आपण दोष देणार? आपणच तर त्या खोलीत राहतो.

आणि आता सागरी महामार्ग. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्यानं रस्ता, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची, म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी. तुकड्यातुकड्यानं रस्ता झाला, मोठ्या खाड्यांवरचे पूल रेंगाळले. आता त्या पुलांची कामं हाती घेतली आहेत. सध्या जिथे पूल नाही तिथे फेरीबोट आहे. दाभोळ-धोपाव्याची २००३ मध्ये सुरू झाली. नाहीतर दापोलीहून गुहागरला जायला चिपळूणचा वळसा होता. बागमांडला-वेश्वी, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा याही आहेत. गाडीसकट दहा-पंधरा मिनिटं पाण्यावर. आमचा सल्ला विचाराल तर पूल व्हायच्या आत ही फेरी एकदा करा. हौस म्हणून नव्हे; खाडीच्या मधोमध उभं राहिलं की दोन्ही काठांची गावं समोरून दिसतात, घरांची तोंडं, देवळं, मशिदी, जेट्या. रस्त्यावरून आपल्याला फक्त त्यांची परसं दिसतात.

पूल झाले की गावं पुन्हा एका माळेत येतील, आगबोटीच्या काळात होती तशी. दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला हे हवंच आहे. खाडीकाठी बाळंतीण अडल्यावर काय होतं हे तिथल्यांना विचारा. तेव्हा पूल नको म्हणणं हा आपला शहरी चोचला होईल. प्रश्न पूल झाल्यावर त्यावरून काय जाईल याचा आहे. जमिनी आधीच विकल्या जात आहेत. वाडी गेली तर नारळ, सुपारी, मिरी, केळीची पानं, नीरफणस, सगळं एकदमच जातं, कारण ते एकाच कुंपणात असतं.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो घेतो आणि थांबतो. “पावसाळ्यात कोकणात जावं का, आणि तेव्हा खायला काय मिळतं?”

जावं, पण वाटेची चौकशी करून. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, ताम्हिणीत दरड येते, आणि समुद्र खवळला तर फेरीबोटीही थांबतात. समुद्रात उतरू नये. तिथले कोळीसुद्धा तेव्हा उतरत नाहीत. जून-जुलैत मासेमारीला सरकारी बंदी असते, तेव्हा कुणी ताजी सुरमई म्हणून वाढली तर ती ताजी कशी, हे विचारा. त्यापेक्षा घरगुती ठिकाणी आधी फोन करून सांगा, की तुमच्या घरी जे असेल तेच करा. मग टाकळ्याची भाजी मिळेल, फोडशी मिळेल, सुक्या बोंबलाचं कालवण, सुकटीची चटणी, आठळ्या घातलेली भाजी, कुळथाची पिठी आणि गरम भात. नशीब असेल तर पहिल्या पावसात शेतात चढलेले मासे, म्हणजे चढणीचे मासे, पण अंडी घालायला वर आलेले असतात, तेव्हा त्यांचा आग्रह धरू नका. आणि श्रावणात गेलात, नागपंचमीच्या सुमाराला, तर हळदीच्या पानातल्या पातोळ्या. पानं तेव्हाच मोठी झालेली असतात.